बायोमटेरियल आणि नॅनोमेडिसिनमधलं संशोधन: करिअर म्हणून नेमकं कसं असतं?

बायोमटेरियल म्हणजे उपचारासाठी शरीरात किंवा शरीरावर वापरायचे पदार्थ, आणि नॅनोमेडिसिन म्हणजे नॅनोमीटरच्या, मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या, मापात मोजायच्या कणांची औषधं. मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्टमध्ये तुळशीच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण तयार केले, आता याच विषयात पीएच.डी. करून कॅन्सरवरचं नॅनोऔषध बनवायचं आहे. किती वर्षं लागतात, नोकऱ्या आहेत का, परदेशी जावंच लागतं का?

सरळ उत्तरं आधी देते. पीएच.डी.ला पाच ते सहा वर्षं धरा, पोस्टडॉकला, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनाला, दोन ते चार, आणि त्यानंतर तुमचा हात लागलेली एखादी वस्तू रुग्णापर्यंत पोचायला आणखी दहा-पंधरा, तीही पोचली तर. नोकऱ्या आहेत, पण 'नॅनोशास्त्रज्ञ पाहिजे' अशी जाहिरात शोधत बसाल तर सापडणार नाहीत. परदेशी जावंच लागतं असं नाही. आणि तुळशीचे नॅनोकण पीएच.डी.त पुढे नेऊ नका.

शेवटचं वाक्य लागेल, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

२००४ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या, म्हणजे आपल्या एनसीएलमधल्या, मुरली सास्त्री यांच्या गटाचा एक शोधनिबंध 'नेचर मटेरियल्स'मध्ये आला. गवती चहाच्या पातीचा अर्क सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात घातला की साध्या तापमानाला सोन्याचे चपटे, त्रिकोणी नॅनोकण तयार होतात, असं त्यांनी दाखवलं. त्याआधी याच प्रयोगशाळेत बुरशीकडून धातूचे नॅनोकण करून घेण्याचं मोठं काम झालेलं होतं. गवती चहाच्या निबंधाचं महत्त्व चहात नव्हतं, आकारात होतं. चपटे त्रिकोण जवळचा अवरक्त प्रकाश शोषतात आणि तो प्रकाश दृश्य प्रकाशापेक्षा ऊतींमध्ये खोलवर जातो, म्हणून पुढे वैद्यकात काही करता येईल अशी वाट त्यातून दिसत होती.

नंतर झालं काय, तर वाट राहिली बाजूला आणि सगळे वनस्पतींच्या मागे लागले. तुळस झाली, कडुलिंब झाला, शेवगा झाला, आता परसात फारसं काही उरलेलं नाही. निबंधाचा साचा ठरलेला असतो: द्रावण पिवळं-तपकिरी झालं, यूव्हीत (प्रकाश किती शोषला हे मोजणाऱ्या चाचणीत) ४२० नॅनोमीटरच्या आसपास शिखर आलं, टीईएमचा (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा) एक बरा फोटो मिळाला, ई. कोलाय जिवाणूच्या प्लेटवर झोन (जिवाणू न वाढलेली जागा) दिसला, एमटीटीत (जिवंत पेशी रंगावरून मोजायच्या चाचणीत) पेशी मेल्या आणि शेवटी 'कॅन्सरविरोधी क्षमता' असं एक वाक्य. चांदी जिवाणू मारते हे नॅनो हा शब्द यायच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. प्लेटमधल्या कॅन्सरच्या पेशी तर फिनाइलनेही मरतात. कोणत्या रुग्णाला, शरीराच्या कोणत्या जागी, आत्ताच्या औषधापेक्षा काय जास्त मिळणार, हा प्रश्न त्या साच्यात कुठेच विचारलेला नसतो.

चांदीचं काम निरर्थक असतं असं मात्र मी म्हणत नाही. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर यांच्या गटाने नॅनोचांदीचं जंतुनाशक जेल विकसित केलं. ते जखमेवर, म्हणजे शरीराच्या बाहेरून, लावायचं. कणाला रक्तातून प्रवास करायचा नाही, यकृताला चुकवायचं नाही, गाठ शोधायची नाही. गरज आधी ठरली, पदार्थ तिच्या मापाने केला. या क्षेत्रात टिकून राहिलेल्या बहुतेक माणसांचं काम असंच, गरजेकडून पदार्थाकडे गेलेलं दिसेल.

आता रोजचं काम. बाहेरच्यांना वाटतं की आम्ही नवीन पदार्थ बनवतो. बनवतो, पण त्यात वेळ फार थोडा जातो. बाकीचा सगळा वेळ शरीर त्या पदार्थाचं काय करतं हे समजून घेण्यात जातो. रक्तात शिरलेल्या कणावर काही क्षणांतच प्रथिनांचा थर चढतो. वरातीतला नवरदेव हारांनी झाकून जावा तसं त्याचं होतं आणि पेशींना दिसतात ते हार. तुम्ही महिनोन्‌महिने खपून पृष्ठभागावर जोडलेला रेणू त्या थराखाली गाडला गेलेला असतो. पाच-सहा नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून निघून जातो, मोठ्या कणांना यकृत आणि प्लीहा गिळतात. २०१६ मध्ये टोरोंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोचणारा मध्यक वाटा ०.७ टक्के निघाला. 'नॅनोकण थेट कॅन्सरच्या पेशीवर हल्ला करतात' असं व्याख्यानात ऐकाल तेव्हा हा आकडा आठवा.

याशिवाय काही कामं अशी आहेत की ज्यांची पाठ्यपुस्तकात ओळभरही वाच्यता नसते, आणि करिअर अनेकदा तिथेच अडतं. निर्जंतुकीकरणाचंच घ्या. पीएलजीए हे आमचं लाडकं, शरीरात विरघळणारं पॉलिमर. ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, १२१ अंशांना ठेवलंत तर कण वितळून एकमेकांना चिकटतात आणि पॉलिमरच्या साखळ्या तुटतात. गॅमा किरण दिले तर रेणूभार घसरतो. एथिलीन ऑक्साइड वापरलं तर त्याचे अवशेष मागे राहतात, ते काढत बसा. कणांचा आकार लहान असेल तर गाळून घेता येतं, पण स्कॅफोल्ड, म्हणजे पेशींना वाढायला दिलेला सच्छिद्र सांगाडा, कसं गाळणार? तीन वर्षं राबून केलेलं सुंदर स्कॅफोल्ड निर्जंतुक करता येत नाही हे चौथ्या वर्षी कळलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. निर्जंतुक कसं करणार, हे पहिल्या महिन्यात ठरवायचं असतं.

तसंच एंडोटॉक्सिन. मेलेल्या जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे ऑटोक्लेव्हलाही दाद देत नाहीत. काचसामान कोरड्या उष्णतेत २५० अंशांना तापवावं लागतं. ते न करता उंदराला कण टोचले आणि प्रतिकारशक्ती खवळली, तर ती कणामुळे की तुमच्या अस्वच्छ पाण्यामुळे, हे सांगता येत नाही. एमटीटीचंही तेच. त्यात रंगाची तीव्रता मोजतात आणि सोन्या-चांदीचे कण स्वतःच प्रकाश शोषतात. पेशी न घालता नुसते कण घेऊन एक कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीची चाचणी, लावा. हा एक कंट्रोल लावल्यावर किती 'शोध' मावळतात ते बघाच.

हे काम किती लांबतं हे समजायला आपल्या देशातलं सगळ्यात चांगलं उदाहरण नॅनोचं नाही, हृदयाच्या झडपेचं आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेचे तेव्हाचे प्रमुख मार्तंड वर्मा शंकरन वलियाथन हे हृदयशल्यविशारद. संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेले तरुण रुग्ण त्यांच्यापुढे रांगेने येत आणि आयात झडप बहुतेकांना परवडत नसे. त्यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात देशी झडपेचं काम सुरू केलं. सोबत जी. एस. भुवनेश्वर यांच्यासारखे अभियंते होते. शल्यविशारद आणि अभियंते एकाच आवारात रोज भेटणं ही तेव्हाही दुर्मिळ गोष्ट होती, आजही आहे.

झडप म्हणजे एक चौकट आणि तिच्यात कलंडणारी चकती, ऐकायला सोपं. पहिल्या रचनेत वेल्डिंगचा सांधा तुटला. मग कृत्रिम नीलमाची चकती घेतली, तर ती इतकी कठीण की तिने टायटॅनियमची चौकटच झिजवली. चौकट झीज सोसणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूची केली, तर मेंढीच्या हृदयात बसवलेल्या झडपेची चकती फुटली. चौथ्या रचनेत चकती अतिउच्च रेणूभाराच्या पॉलिएथिलीनची झाली आणि ती टिकली. हे पॉलिएथिलीन जॉन चार्नली यांनी इंग्लंडमध्ये १९६२ पासून कृत्रिम खुब्यात वापरलं होतं, तेही आधी टेफ्लॉनचे खुबे झिजून अयशस्वी ठरल्यावर. एका अवयवातल्या अपयशातून निघालेला पदार्थ दुसऱ्या अवयवात कामी आला. म्हणून आपल्या विषयाबाहेरचं वाचायला मी विद्यार्थ्यांच्या मागे लागते.

हृदय मिनिटाला ७० ठोके देतं, म्हणजे वर्षाला सुमारे ३.७ कोटी. झडप दहा वर्षं टिकेल असं म्हणायचं तर ३७ कोटी उघडझापा यंत्रावर, वाढवलेल्या वेगाने, करून दाखवाव्या लागतात. मग मेंढ्या, मग समिती, आणि ६ डिसेंबर १९९० रोजी पहिली झडप माणसाला बसली. पुढे टीटीके समूहाने उत्पादन हाती घेतलं आणि आजवर एक लाखाहून जास्त रुग्णांना ही झडप बसली आहे. त्या वर्षांमध्ये त्या चमूतल्या एखाद्या अभियंत्याचा बायोडेटा पाहिला असता तर निबंधांची यादी आजच्या निवड समितीला तोकडी वाटली असती. आपली पदोन्नतीची पद्धत अशा कामाला सोयीची नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

नॅनोच्या बाजूला याच तोडीची गोष्ट डॉक्सिल या कॅन्सरवरच्या औषधाची. जेरुसलेममध्ये बारेनहोल्झ हे जीवरसायनशास्त्रज्ञ आणि गॅबिझॉन हे कर्करोगतज्ज्ञ यांनी डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध लायपोसोममध्ये, म्हणजे स्निग्ध रेणूंच्या सूक्ष्म पिशवीत, भरलं. त्यांचं पहिलं रूप रुग्णांवरच्या चाचणीत अपुरं ठरलं: औषध गळत होतं आणि यकृत कण उचलत होतं. दुसऱ्या रूपात त्यांनी अमोनियम सल्फेटच्या साहाय्याने औषध आत ओढून घेतलं, ते लायपोसोमच्या पोटात स्फटिकरूपात बसलं, आणि वर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा थर दिला. १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे पहिलं नॅनोऔषध. फायदा मुख्यतः हृदयावरचा दुष्परिणाम कमी होण्याचा झाला. पण कण रक्तात जास्त वेळ फिरू लागल्यावर तळहात-तळपाय सोलवटण्याचा त्रास वाढला. शरीराशी केलेल्या सौद्यात काहीतरी द्यावं लागतंच.

एका माणसाचं सलग करिअर कसं दिसतं हे पाहायचं असेल तर समीर मित्रगोत्री यांचं पाहा. माटुंग्याच्या यूडीसीटीतून, आताच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून, रासायनिक अभियांत्रिकीची पदवी. मग एमआयटीत रॉबर्ट लँगर आणि डॅनियल ब्लँकश्टाइन यांच्याकडे पीएच.डी. कमी वारंवारितेच्या अल्ट्रासाउंडने कातडीतून इन्सुलिनसारखं प्रथिन आत जाऊ शकतं, हा त्यांचा निबंध १९९५ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. २००० पासून ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत आणि नंतर हार्वर्डला. २००६ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की भक्षकपेशी कण गिळते की नाही हे निव्वळ आकारमानावर नसतं, पेशी कणाला ज्या बिंदूपाशी स्पर्श करते तिथल्या वक्रतेवर ठरतं. लांबट कणाच्या टोकाला भिडली तर गिळते, चपट्या बाजूला भिडली तर नुसती पसरते. पुढे नॅनोकण तांबड्या पेशींवर बसवून पाठवायचे, म्हणजे फुप्फुसाच्या बारीक केशवाहिन्यांतून पेशी घासत जाताना ते तिथेच उतरतात, ही कल्पना. आणखी पुढे आयोनिक द्रव (साध्या तापमानालाही द्रव राहणारे क्षार) वापरून तोंडावाटे इन्सुलिन.

वरवर पाहता अल्ट्रासाउंड, कणांचे आकार, तांबड्या पेशी, द्रव अशा उड्या दिसतात. पण प्रश्न पहिल्यापासून एकच आहे: शरीराच्या भिंती औषधाला अडवतात, त्या कशा ओलांडायच्या? कातडी, आतडी, भक्षकपेशी या सगळ्या भिंतीच. साधनं बदलली, प्रश्न बदलला नाही. तुम्ही 'नॅनोकण' हा विषय म्हणून निवडलात तर साधनाला धरून बसाल आणि दहा वर्षांत ते जुनं होईल. 'मधुमेहाच्या पायाची न भरणारी जखम' असा विषय निवडलात तर साधनं येतील-जातील, तुम्ही टिकाल.

मित्रगोत्रींचे गाइड लँगर यांचा उल्लेख आलाच आहे तर एवढंच: त्यांचे पहिले नऊ अनुदान-प्रस्ताव नाकारले गेले होते. मोठी प्रथिनं पॉलिमरमधून हळूहळू सोडता येतील यावर तेव्हा कोणी विश्वास ठेवत नव्हतं.

आता व्यवहार. नेट किंवा गेट द्या. जेआरएफची, म्हणजे कनिष्ठ संशोधकाची, फेलोशिप १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडेभत्ता, एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ संशोधक, झाल्यावर ४२,०००. कागदावर बरी वाटते, पण पैसे महिनोन्‌महिने अडकतात, म्हणून निदान सहा महिन्यांची गंगाजळी किंवा घरचा आधार असू द्या. मुंबई-पुण्यात राहणार असाल तर हे विशेष ध्यानात ठेवा. जागांचं म्हणाल तर एनसीएल, आघारकर, आयआयटी मुंबईचा जैवशास्त्र व जैवअभियांत्रिकी विभाग, आयसीटी, आणि कॅन्सरसाठी खारघरचं अ‍ॅक्ट्रेक ही आपल्याकडची नावं. रोपणांमध्ये रस असेल तर तिरुवनंतपुरमला जायला कचरू नका, भाषेची भीती महिनाभरात जाते.

संस्थेपेक्षा गाइड महत्त्वाचा. भेटायला जाल तेव्हा निबंध किती आहेत हे विचारू नका, ते इंटरनेटवर आहेच. विचारायचं ते हे की शेवटचे विद्यार्थी आता कुठे आहेत, या प्रकल्पात डॉक्टर कोण आहेत आणि ते मीटिंगला खरंच येतात का, प्राणीगृहाची परवानगी चालू आहे का. नुसतं 'कोलॅबोरेशन आहे' असं उत्तर आलं तर डॉक्टरांचं नाव विचारा. आणि त्या प्रयोगशाळेतल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलामुलींबरोबर गाइड नसताना चहा घ्या. अर्ध्या तासात सगळं कळतं.

नोकऱ्यांबद्दल मुलांचा अंदाज हमखास चुकतो. सगळ्यांना प्राध्यापक किंवा सरकारी शास्त्रज्ञ व्हायचं असतं आणि त्या जागा फारच थोड्या निघतात. खरी मागणी औषध आणि उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांच्या फॉर्म्युलेशन (औषधाला वापरण्याजोगं रूप देणाऱ्या) आणि चाचणी विभागांत आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा झाला, तेव्हा तिथल्या औषध प्रशासनाने मुंबईच्या सन फार्माचं लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन तात्पुरतं आयात करू दिलं. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या वेळी लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी आपल्या गावोगावी लोक किती धावले ते तुम्ही पाहिलंच असेल. तेही नॅनोऔषधच. प्रयोगशाळेत १० मिलिलिटर लायपोसोम कोणीही करतं. शेकडो लिटर, प्रत्येक बॅचला तोच आकार, निर्जंतुक आणि दोन वर्षं टिकणारं करणं ज्यांना जमतं, अशी माणसं हवी असतात. पुण्याच्या जेनोव्हाच्या एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली. ती साध्या फ्रिजच्या तापमानाला, २ ते ८ अंशांना, राहते. त्यामागे असंच, निबंधांत कमी दिसणारं काम आहे. स्टेंट बनवणाऱ्या कंपन्यांसाठी सुरत-वापीकडे बघा.

या नोकऱ्यांसाठी पीएच.डी.तच दोन गोष्टी शिकून घ्या. एक, आयएसओ १०९९३ म्हणजे जैवसुसंगततेच्या चाचण्यांची मानकं. दुसरं, वैद्यकीय उपकरण नियम, २०१७. धोक्यानुसार अ ते ड वर्ग कसे पडतात आणि तुमची वस्तू कुठे बसेल, हे सांगता आलं पाहिजे. औषध भरलेले नॅनोकण असतील तर २०१९ ची नॅनोऔषधांच्या मूल्यमापनाची भारतीय मार्गदर्शक तत्त्वंही वाचा. कंटाळवाणी आहेत, मान्य. मुलाखतीत मात्र तुमच्या टीईएमच्या फोटोंपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

परदेशाबद्दल माझं मत असं की पीएच.डी. इथे आणि पोस्टडॉक तिथे हा क्रम आपल्या मुलांना जास्त मानवतो. पोस्टडॉकला जाताना तोपर्यंत न केलेलं तंत्र शिकायला जा: इम्युनॉलॉजी, इमेजिंग, मोठ्या प्राण्यांवरचं काम. त्याच जातीचे कण तिथल्या महागड्या यंत्रांवर करून परत आलात तर हाती फक्त निबंध उरतील.

एक गोष्ट मात्र घाई करणाऱ्यांसाठी. २०११ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का विद्यापीठ रुग्णालयात पाओलो माकियारिनी या शल्यविशारदाने प्लास्टिकच्या श्वासनलिकेवर रुग्णाच्या मूलपेशी पेरून ती बसवली. जगभर वाहवा झाली, बड्या नियतकालिकांनी छापलं. प्राण्यांवरचा पुरेसा पुरावा नव्हता. स्वीडनमध्ये ज्या तिघांना ती बसवली ते तिघेही दगावले, आणि २०२३ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने त्याला अडीच वर्षांची कैद ठोठावली. प्राण्यांच्या चाचण्यांना, समित्यांना, फॉर्मना कंटाळाल तेव्हा हे प्रकरण मुळापासून वाचा. आणि तुमच्या गटात कोणी ग्राफमधला एखादा नकोसा बिंदू गाळायला सांगितला तर गाळू नका, भले सिनॉप्सिस (प्रबंधाआधी द्यायचा सारांश) सहा महिने लांबो.

तुमचा प्रोजेक्ट आता संपत आला असेल. तुळशीच्या कणांचं जे झालं ते नीट लिहून सबमिट करा, गुण मिळवा. मग मेमध्ये तुमच्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात शल्यचिकित्सा विभागाच्या डॉक्टरांना भेटा आणि मधुमेही पायाच्या ओपीडीत आठवडाभर बसू देता का, विचारा. बहुतेक जण हो म्हणतात. कोणतं ड्रेसिंग वापरतात, ते किती रुपयांना पडतं, किती दिवसांनी बदलतात, काढताना कुठे चिकटतं, रुग्ण मधेच यायचे का थांबतात, हे सिस्टरना विचारून लिहून घ्या. पीएच.डी.च्या मुलाखतीत संशोधनाचा प्रस्ताव मागतील तेव्हा तो त्या वहीतून लिहा.